रिपोर्टमागचे रक्त समजावून सांगणाऱ्या लॅबमधील मॅडमना

आदरणीय मॅडम,

सादर नमस्कार.

२०२१ च्या मे महिन्यात माझे थोरले बंधू कोरोनामुळे बेळगावात ऑक्सिजनवर होते. त्यांचे प्राण वाचवण्याचे श्रेय डॉक्टरांचे आहेच. परंतु तपासणीचा कागद नुसता हातावर न ठेवता त्याचा अर्थ आपण मराठीत समजावून दिलात, त्याबद्दल हे जाहीर आभार.

पांढऱ्या पेशी १८,००० वर गेल्या तेव्हा खानापूरहून फोन करणाऱ्यांपैकी कोणी ‘ताकद वाढली’ म्हणे, तर कोणी धास्ती घेई. आपण मात्र एकूण आकडा बाजूला ठेवून पांढऱ्या पेशींच्या दोन प्रकारांच्या, न्यूट्रोफिल ९० टक्के आणि लिम्फोसाइट अवघे ६ टक्के, या दोन ओळींवर बोट ठेवलेत. विषाणूने ग्रासलेल्या पेशी हेरणारे लिम्फोसाइट घटणे आणि न्यूट्रोफिल उसळणे हे गंभीर आजाराचे लक्षण आहे. मात्र त्यातील काही वाढ डेक्सामेथासोन या स्टेरॉइडमुळे, रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटलेल्या पेशी प्रवाहात सुटल्यानेही दिसते, हे सांगायला आपण विसरला नाहीत.

मग आपण सूक्ष्मदर्शकाखाली काच ठेवलीत. न्यूट्रोफिलचे जांभळ्या रंगाचे, तीन-चार पाकळ्यांत विभागलेले केंद्रक आणि भोवती नेहमीपेक्षा गडद, भरड दाणे. जंतू मारण्यासाठी ही पेशी ऑक्सिजनपासून सुपरऑक्साइड, त्यापासून हायड्रोजन पेरॉक्साइड आणि शेवटी हायपोक्लोरस आम्ल तयार करते; नळाच्या पाण्यात क्लोरीन घातल्यावर जंतू मारते ते हेच आम्ल. विषाणू आपल्याच पेशींत दडलेला असल्याने या माऱ्यात फुफ्फुसाचे नाजूक अस्तर होरपळते आणि हा मारा आवरणाऱ्या ग्लुटाथायोन या पेशींतील संरक्षक रसायनाचा साठा कमी पडतो. पाचट पेटवल्यावर वारा फिरावा आणि शेजारचा उभा ऊस जावा, तसेच हे. शिवाय न्यूट्रोफिल स्वतःच्या डीएनएची जाळी बाहेर फेकतात, हे २००४ मध्ये प्रथम दाखवले गेले. त्या जाळ्यांभोवती रक्ताच्या गुठळ्या धरतात, म्हणून बंधूंच्या पोटावर रक्त पातळ ठेवणारी इंजेक्शने दिली जात होती, याचाही उलगडा तेव्हाच झाला.

स्टेरॉइड पहिल्याच दिवशी का दिले नाही, हा आमच्या वहिनींचा प्रश्न होता. ब्रिटनमधील रिकव्हरी नावाच्या औषध-चाचणीत डेक्सामेथासोनमुळे व्हेंटिलेटरवरील रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने आणि ऑक्सिजनवरील रुग्णांचे एक पंचमांशाने घटले, परंतु ऑक्सिजनची गरज नसलेल्यांना लाभ झाला नाही, हे आपण त्यांना शांतपणे सांगितलेत. व्हिटॅमिन सीच्या गोळ्यांविषयी विचारल्यावर खोटा दिलासा दिला नाहीत, हे मला विशेष भावले. पुढे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचण्यांत शिरेतून दिलेल्या व्हिटॅमिन सीचाही दाखल रुग्णांना फायदा दिसला नाही.

बंधू आता पूर्वीप्रमाणे शेताकडे जातात. मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो; निरोगी रक्ताची रंगवलेली एखादी जुनी काच आपल्याकडे असल्यास ती शाळेसाठी द्यावी, एवढी विनंती. न्यायला मी स्वतः येईन.

आपला कृतज्ञ,
खानापूर तालुक्यातील एक शिक्षक