ऑइल गळतंय कुठून, हे दाखवणाऱ्या शेजारच्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

तोंडावर आभार मानले की तुम्ही विषय बदलता, म्हणून हे सगळ्यांदेखत लिहितोय.

गवत कापायचं नवं कोरं मशीन, जेमतेम तिसऱ्यांदा चालवलेलं, आणि खाली हाताच्या पंजाएवढा ऑइलचा डाग. मी पाना घेऊन बसलोच होतो. दिसेल तो बोल्ट आवळायचा, एवढंच माझं इंजिनिअरिंग. तुम्ही पाना काढून घेतलात आणि म्हणालात, "वॉरंटीतलं मशीन आहे, एकही बोल्ट हलवू नकोस. आधी पुसायचं, मग बघायचं."

पहिली चूक माझीच निघाली. डिपस्टिक (ऑइलची पातळी मोजायची खुणांची पट्टी) पूर्ण फिरवून बसवून पातळी बघा, असं पुस्तिकेत स्पष्ट लिहिलेलं. मी ती नुसती टेकवून बघत होतो. त्यामुळे ऑइल खुणेच्या खाली दिसायचं आणि मी ओतत जायचो. शिवाय अडकलेलं गवत काढताना मशीन कलतं करून एअर फिल्टरची बाजू खाली केली. फिल्टर ऑइलने चिंब! ती बाजू नेहमी वर हवी, हे मला कोण सांगणार? (पुस्तिकेत तेही होतं म्हणा.)

जादा ऑइल काढलं, नवा फिल्टर बसवला. तुम्ही जुन्या बनियनने इंजिन लख्ख पुसलंत आणि ड्रेन प्लगभोवती (ऑइल काढायच्या बुचाभोवती), जोडांवर टाल्कम पावडरचा हलका थर दिलात. ऑइल वरून खाली ओघळतं, म्हणून सगळ्यात वरचा ओला ठिपका शोधायचा, डागाच्या मागे लागायचं नाही, हे तेव्हा कळलं. पंधरा मिनिटं गवत कापलं, मशीन थंड होऊ दिलं. पावडर सगळीकडे कोरडी. मग स्पार्क प्लगची टोपी काढून, फिल्टरची बाजू वर ठेवून मशीन कलतं केलं. पात्याच्या वर, क्रँकशाफ्ट, म्हणजे पातं फिरवणारा इंजिनचा दांडा, बाहेर येतो तिथे काळीभोर ओली कडी, आणि तिथून चहूबाजूंना उडालेले बारीक शिंतोडे. खालचं ऑइल सील, म्हणजे शाफ्टभोवती ऑइल अडवणारी चकती! शाफ्टला तार किंवा दोरा गुंडाळलेला नाही, पात्याला कुठे ठोकर नाही, याचेही फोटो तुम्ही काढायला लावलेत. मला तेव्हा तो उगाच खटाटोप वाटला होता.

सर्व्हिसवाल्यांचं पहिलं वाक्य अपेक्षेप्रमाणे होतं, "ऑइल जास्त ओतलंय तुम्ही." मी कबूल केलं, ओतलं होतं. मग पातळी बरोबर केल्यानंतरची डिपस्टिक, कोरडी पावडर आणि ती ओली कडी, असे तारखेसकट फोटो ओळीने दाखवले. सील बदलून मिळालं, वॉरंटीत. मी पाना चालवला असता तर त्यांच्या हाती आयतंच कोलीत मिळालं असतं.

काल रात्रभर मशीन पुठ्ठ्यावर उभं होतं. सकाळी पुठ्ठा कोरडा ठणठणीत.

पावडरचा डबा अजून माझ्याकडेच आहे. संध्याकाळी आणून देतो. बनियन मात्र आता मागू नका.

तुमचा,
पानेवाला शेजारी