डार्विनचे वडील आणि मामा

चार्ल्स डार्विन घरच्यांना कसा उमगला नाही, हे सांगणारा रविवार पुरवणीतील लेख वाचला. लेख चांगला आहे, पण वडिलांवर अन्याय करतो. रॉबर्ट डार्विन हे नावाजलेले डॉक्टर. मुलाला १८२५ मध्ये वैद्यकीय शिक्षणासाठी एडिंबरोला पाठवले, ते त्याने अर्धवट सोडले. मग धर्मोपदेशक व्हावे म्हणून केंब्रिजला घातले, तर तिथे तो भुंगेरे गोळा करण्यात रमला. अशा मुलाची काळजी कोणत्या बापाला वाटणार नाही? १८३१ मध्ये जगाच्या सफरीला निघालेल्या 'बीगल' या सर्वेक्षण जहाजावर निसर्ग-अभ्यासक म्हणून जाण्यास त्यांनी विरोध केला हे खरे. पण कोणी समंजस माणूस 'जा' म्हणत असेल तर परवानगी देईन, असेही सांगितले. मामा जोसाया वेजवूड यांनी एकेका आक्षेपाला पत्रातून उत्तर दिले आणि वडिलांनी शब्द पाळला. पुढे जवळपास पाच वर्षांच्या प्रवासाचा खर्चही त्यांनीच उचलला. लेखात हे यायला हवे होते.

आपल्या जळगाव-धुळ्याकडेही हुशार मुलाने डॉक्टर नाहीतर इंजिनीअरच व्हायचे असते. केळीच्या बागेत किडींच्या मागे फिरणारा पोरगा वाया गेला म्हणतात. आईबापाला कीटकशास्त्र कळलेच पाहिजे असे नाही. घरातल्या जाणत्याचे त्यांनी ऐकावे. आणि मामा-काकांनीही अशा वेळी गप्प बसू नये. धुळ्याच्या कृषी महाविद्यालयात कीटकशास्त्र शिकवले जाते, एवढे तरी त्यांनी घरात सांगावे.

– एक निवृत्त शिक्षक, चोपडा (जि. जळगाव)