ती. आई-बाबांना, वीस वर्षं भरायच्या आधी

पुणे, एप्रिल २०२३

ती. आई-बाबा,
शिरसाष्टांग नमस्कार.

रविवारी फोनवर मी "बघू" म्हणाले ते खरं नव्हतं. होकार त्याआधीच कळवून झाला होता. आईचा आवाज ऐकला आणि जीभ रेटेना. मी कर्नल होऊन कमांड घेतेय, म्हणजे एका युनिटची प्रमुख. लडाखमध्ये, लष्करी गाड्या दुरुस्त करणारं फील्ड वर्कशॉप, साधारण दोन वर्षं. म्हणजे २०२६ ला नोकरीची वीस भरली की पेन्शन घेऊन कराडला, हे आपलं ठरलेलं आता होत नाही.

बाबा म्हणतील, पुण्यात तीन वर्षं काढ, अर्ध्या पगाराची पेन्शन कुठे जातेय? बरोबर आहे. पैशांसाठी तर मी मुळीच जात नाही. पगाराच्या तक्त्यात लेफ्टनंट कर्नलचा मूळ पगार १,२१,२०० पासून सुरू होतो आणि कर्नलचा १,३०,६०० पासून. तेवढ्यासाठी कुणी ऑक्सिजन सोडून जात नाही.

आई, तू विचारलंस की इतकी वर्षं झाली, कर्नल आपोआप का करत नाहीत. दोन वर्षांनी कॅप्टन, सहांनी मेजर, तेरांनी लेफ्टनंट कर्नल. इथवर परीक्षा आणि मेडिकल नीट असलं की वर्षंच वर नेतात. पुढे निवडीचं बोर्ड बसतं. मला २००६ ला कमिशन मिळालं तेव्हा बायकांना चौदा वर्षांनी घरीच जायचं होतं, तेही पेन्शनशिवाय, कारण अधिकाऱ्याला पेन्शनला वीस लागतात. १७ फेब्रुवारी २०२० च्या निकालाने ते बदललं. यंदा जानेवारीत १९९२ ते २००६ च्या बॅचच्या २४४ जणी एका बोर्डासमोर होत्या, जागा १०८. बोर्ड चेहरा बघत नाही, फाईल बघतं, आणि आमच्या फायलींतले जुने वार्षिक अहवाल 'या थोड्याच राहणार आहेत' अशा हाताने भरलेले. हे मी रुसून म्हणत नाही, मार्च २०२१ च्या निकालात सुप्रीम कोर्टानेच नोंदवलंय. तो खड्डा फक्त कमांडमधल्या अहवालांनी भरतो. नको म्हटलं तर पुन्हा विचारतील याची खात्री नाही. आणि माझी वयोमर्यादा ५४. बाबा, एसटीने तुम्हाला ५८ पर्यंत ठेवलं होतं, तेव्हा मी तुमच्या आधीच घरी बसेन!

आता तब्येतीचं. विमानाने लेहला उतरायचं, ३,५०० मीटर. विरळ हवेची सवय व्हावी म्हणून पहिले दोन दिवस पूर्ण आराम, बराकींच्या आवारातच चार पावलं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी सपाटीवर दीड ते तीन किलोमीटर, सावकाश. पाचव्या-सहाव्या दिवशी पाच किलोमीटर आणि ३०० मीटरपर्यंत चढ. मग वरचा टप्पा, तिथे आणखी चार दिवस. कर्नल असो की शिपाई, सूट नाही. छातीत पाणी होतं ते बहुतेक घाई करणाऱ्यांना, आणि उपाय म्हणजे ऑक्सिजन देऊन लगेच खाली आणणं. म्हणूनच गणपती-दिवाळी दर वेळी 'येऊन जा' म्हणू नका. दहा दिवसांहून जास्त खाली राहिलं की परत गेल्यावर हवेची सवय पुन्हा करावी लागते. वर्षाला साठ दिवस रजा आहे, ती मोठ्या तुकड्यांत घेईन. रात्री बुखारी, म्हणजे खोली गरम करायची शेगडी, विझवूनच झोपायचं, धुरातल्या विषारी वायूचा वास येत नाही. हे मी माझ्या माणसांना रोज सांगणार आहे, तेव्हा तू मला सांगू नकोस. भात कुकरशिवाय शिजत नाही, पाणी नव्वद अंशांच्या आतच उकळतं. पण मेसमध्ये कुकर आहेत, आई.

बाबा, तुम्हाला खरं तर गाड्यांचंच ऐकायचं असणार. साधं डिझेल थंडीत मेणासारखं गोठतं आणि फिल्टर तुंबतो, तिथे हिवाळ्याचं वेगळं मिळतं, उणे ३३ पर्यंत वाहतं. बॅटऱ्या रात्री काढून उबदार खोलीत. रेडिएटरला निम्मं कूलंट, निम्मं पाणी. नुसतं पाणी घातलं तर ब्लॉक फुटतो. चौदा हजार फुटांवर हवेचा दाब जवळजवळ चाळीस टक्के कमी, त्यामुळे चढाला आमची स्टॅलियन ट्रक काळा धूर ओकते आणि नवा ड्रायव्हर 'डिझेल पंप बिघडला' म्हणून घेऊन येतो. पंप खोलायच्या आधी एअर फिल्टर बघायचा, हे मी डेपोच्या पिटाशेजारी डबा घेऊन उभी असताना शिकलेय. तुमचा ग्रीसचा हात फ्रॉकला लागला की आई ओरडायची. अजून तो वास आला की मला भूक लागते.

ओवी आणि तिचे बाबा पुण्यातच आहेत, शाळा बदलत नाही. लष्करी दवाखान्यासाठीची तुमची डिपेंडंट कार्डं कपाटात, हिरव्या फाईलमध्ये. उत्पन्नाची मर्यादा महिना नऊ हजार अधिक महागाई भत्ता आहे, बाबांची पेन्शन तिच्या जवळपासही नाही, तेव्हा 'आपल्याला चालेल का' असं कुणाला विचारत बसू नका. पुण्याला थेट कमांड हॉस्पिटलच्या दारात उभे राहू नका. आधी एमआय रूम, म्हणजे लष्कराचा छोटा दवाखाना, तिथून चिठ्ठी. छातीत दुखलं तर मात्र पुणे वगैरे नाही, कराडातच जवळचं हॉस्पिटल, आणि लगेच जावयाला फोन. बाबांनी बीपीची गोळी 'आज बरं वाटतंय' म्हणून सोडायची नाही. आई, गुडघ्याचा पट्टा घडी करून ठेवायला दिलेला नाही.

आधी विचारलं नाही याचा राग असेल तर तो धरा, मी ऐकून घेईन. पण विचारलं असतं तर तुम्ही 'जा' म्हणाला असता आणि रात्रभर जागला असता. ते जागरण मला नको होतं.

पत्ता मागाहून कळवते. त्यात गावाचं नाव नसेल, युनिट आणि '५६ एपीओ', म्हणजे लष्करी टपालघर, एवढंच. पोस्टात बाबांनी वाद घालू नये, पोचतं. चटणी कोरडी पाठवा, तेलाची गोठते.

तुमची,
मनू