ललिताची शर्यत आणि माझ्या नातीचा पासपोर्ट

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात आपल्या वाचकपत्रांत एका सद्गृहस्थांनी सवाल केला होता, की इथली आडनावं लावून दुसऱ्या देशाकडून खेळणाऱ्यांचं कौतुक आपण छापायचंच कशाला? पत्राच्या शेवटी ‘गद्दार’ हा शब्द होता. तो वाचला आणि पुढ्यातला चहा तसाच राहिला. माण तालुक्यात एकतीस वर्षं क्रीडाशिक्षक म्हणून काढली, आता साताऱ्यात असतो. शिट्टी सुटली तरी बोलायची खोड सुटलेली नाही, म्हणून हे पत्र. लांबलं आहे. कात्री लावायची तर कुठेही लावा, फक्त वयाचा मुद्दा ठेवा.

आधी त्या सद्गृहस्थांची बाजू मांडतो, कारण तो राग मीही अनुभवलेला आहे. १५ ऑगस्ट २०१६. सकाळी झेंडावंदन झालं आणि संध्याकाळी दहिवडीत एका माजी विद्यार्थ्याच्या घरी आम्ही पंधरावीस जण टीव्हीपुढे दाटीवाटीने बसलो. रिओ ऑलिंपिक, तीन हजार मीटर स्टीपलचेसची अंतिम शर्यत, आणि तीत आमच्या मोहीची ललिता बाबर. दोनच दिवसांपूर्वी प्राथमिक फेरीत तिने ९ मिनिटं १९.७६ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला होता. ऑलिंपिकमध्ये ट्रॅकवरच्या शर्यतीची अंतिम फेरी भारताच्या बाईने त्याआधी गाठली होती ती १९८४ मध्ये, पी. टी. उषाने. ज्यांनी ही शर्यत पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो : अठ्ठावीस अडथळे आणि सात पाण्याच्या उड्या. दर फेरीला बूट भिजतात आणि भिजल्या बुटांनीच पुढचा अडथळा घ्यायचा. माणच्या पोरीने पाण्यात उड्या मारायची शर्यत निवडावी, यावर त्या घरात बरेच विनोद झाले. आमच्याकडे पाणी टँकरने येतं.

ललिता दहावी आली. पहिली आली रूथ जेबेट, ८ मिनिटं ५९.७५ सेकंद. जन्माने केनियाची, छातीवर नाव बहरीनचं. कुणीतरी म्हणालं, “ही इकत घेतल्याली हाय.” मी मान डोलावली. डोलावणारच होतो, कारण दोन वर्षांपूर्वीच्या इंचॉन आशियाई स्पर्धेची ठसठस मनात होती. तिथेही हीच जेबेट पहिली आली होती. ट्रॅकच्या आतल्या बाजूला पाय पडला म्हणून तिला बाद केलं आणि ललिताचं कांस्य काही काळ रौप्य झालं. मग बहरीनचं अपील मान्य झालं, जेबेट परत पहिली आणि ललिता परत तिसरी. चौथ्या आलेल्या आपल्याच सुधा सिंगच्या हातातलं कांस्य तर पूर्णच गेलं. जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत २०१८ ला मिश्र रिलेमध्ये बहरीन पहिलं, आपण दुसरे. त्यांच्या संघातली नायजेरियात जन्मलेली धावपटू पुढे उत्तेजकात सापडली आणि ते सुवर्ण दोन वर्षांनी आपल्याकडे आलं. जेबेटवरही नंतर चार वर्षांची बंदी आली, पण तो विषय वेगळा. उत्तेजक घेणाऱ्यांत एकाच पासपोर्टवाले काही कमी नाहीत.

तेव्हा तेलाच्या पैशावर धावपटू गोळा करणाऱ्या देशांवर कुणी चिडलं तर मी त्याला अडवणार नाही. धावण्याच्या जागतिक संघटनेलाही ते अती वाटलं असावं. तिने २०१७ मध्ये असे देशबदल थांबवले आणि पुढच्या वर्षी तीन वर्षं थांबण्याची अट घालून परत सुरू केले. ऑलिंपिकच्या सनदेतही तेच आहे : दोन नागरिकत्वं असतील तर कुणाकडून खेळायचं ते खेळाडूने ठरवावं, पण एका देशाकडून उतरल्यावर दुसऱ्याकडून उतरायचं तर तीन वर्षं मधे जावीत. दोन्हीकडचे संबंधित राजी असतील तर ती मुदतही कमी होते.

पण पंधरा ऑगस्टच्या त्या रात्री दहिवडीहून एसटीने घरी येताना माझ्या मनात दुसराच विचार आला. ऑलिंपिकच्या एका शर्यतीला एका देशाचे तीनच धावपटू जातात. केनियात स्टीपलचेस हा घरचा खेळ. तिथे चौथी-पाचवी येणारी मुलगी आपल्याकडे पहिली येईल. तिने घरी बसायचं का? तिला ‘विकत घेतली’ असं आपण म्हणतो. तिच्या बाजूने पाहिलं तर ती दत्तक गेली. आणि दत्तक खरं की खोटं हे परक्याने ठरवलं की काय होतं, ते सातारकरांना कुणी सांगायला नको. १८४८ मध्ये डलहौसीने दत्तक नामंजूर केलं आणि गादी खालसा झाली.

आपल्या कुस्तीत तरी काय चालतं? २०२२ ला महाराष्ट्र केसरी साताऱ्यात झाली. गदा कोल्हापूरच्या पृथ्वीराज पाटीलने नेली आणि साऱ्या मैदानाने टाळ्या वाजवल्या. या स्पर्धेत एखाद्या मल्लाचं गाव एका जिल्ह्यातलं, तालीम दुसऱ्या जिल्ह्यातली आणि लढतो तो तिसऱ्याच जिल्ह्याकडून, यात कुणालाच वावगं वाटत नाही. ज्या वस्तादाने अंगाला माती लावली, ज्याने खुराकाची सोय केली, त्याचं नाव पैलवान लावतो. आमच्याच शाळेच्या मुली पुढे राज्य सोडून रेल्वेकडून धावल्या, कारण रेल्वेने नोकरी दिली. त्यांना आम्ही पेढे घेऊन भेटायला गेलो, गद्दार म्हणायला नाही.

आणि कौतुकाचं म्हणाल तर ते आपल्या सोयीने चालतं. एजाझ पटेल मुंबईत जन्मला, आठव्या वर्षी न्यूझीलंडला गेला, आणि डिसेंबर २०२१ मध्ये वानखेडेवर त्याने आपलेच दहाच्या दहा गडी बाद केले. आपण ‘मुंबईचा पोरगा’ म्हणून टाळ्या वाजवल्या. सौरभ नेत्रावळकर २०१० मध्ये भारताकडून एकोणीस वर्षांखालचा विश्वचषक खेळला, नंतर शिकायला अमेरिकेत गेला आणि जून २०२४ मध्ये डॅलसला त्याने अमेरिकेकडून पाकिस्तानविरुद्धचं सुपर ओव्हर टाकलं. त्या रात्री आमच्या गल्लीत फटाके वाजले. पुढच्या आठवड्यात त्याने रोहित आणि कोहलीला बाद केलं तेव्हा तीच गल्ली गप्प. क्रिकेटमध्ये तर नागरिकत्वही लागत नाही, तीन वर्षांचं वास्तव्य पुरतं. जिंकून दुसऱ्याला हरवलं की आपला माणूस आणि आपल्याला हरवलं की गद्दार, हा हिशेब मला जमत नाही.

(कराडच्या मंडळींना जाता जाता : गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांचं १९५२ चं हेलसिंकीतलं कांस्य हे ‘स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक’, असं आपण मोजून मापून म्हणतो. का? तर १९०० मध्ये पॅरिसला कलकत्त्यात जन्मलेल्या नॉर्मन प्रिचर्डने दोन रौप्यपदकं घेतली. ऑलिंपिक समिती ती भारताच्या खात्यात धरते, इंग्रज आपल्या खात्यात मागतात. प्रिचर्ड बिचारा पुढे हॉलिवूडमध्ये नट झाला.)

आता माझ्या घरची गोष्ट. माझी मुलगी आणि जावई अमेरिकेत न्यू जर्सीला असतात. नात तिथेच जन्मली, आता पंधरा वर्षांची आहे. शाळेत क्रॉस कंट्री पळते, पाच किलोमीटर, गवतातून, चिखलातून. गेल्या सुट्टीत आली तेव्हा रोज पहाटे यवतेश्वरचा घाट धावत चढायची, मी मागून काठी टेकत. एकदा वर चहाच्या टपरीवर एकाने तिला विचारलं, “काय गं पोरी, मोठी झाल्यावर भारताकडनंच पळणार न्हवं?” तिने माझ्याकडे पाहिलं. उत्तर माझ्याकडे नव्हतं.

खरं तर होतं, पण ते चहाच्या टपरीवर सांगण्यासारखं नव्हतं. तिच्याकडे अमेरिकेचा पासपोर्ट आहे आणि आपलं ओसीआय, म्हणजे ‘ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया’ कार्ड. या कार्डाच्या नावात ‘नागरिक’ आहे, हातात नागरिकत्व नाही. येता येतं, राहता येतं. मत देता येत नाही, शेतजमीन घेता येत नाही आणि भारताच्या संघात खेळता येत नाही. डिसेंबर २००८ मध्ये केंद्राने ठरवलं, की भारतीय पासपोर्ट असेल त्यानेच भारताचं प्रतिनिधित्व करायचं. त्यापूर्वी टेनिसपटू विजय अमृतराज यांचा मुलगा प्रकाश अमेरिकेचा नागरिक असूनही आपल्याकडून डेव्हिस चषक खेळत होता, तो थांबला. म्हणजे इतर देशांतली मुलं दोन देशांतून एक निवडतात, आपल्या मुलांना निवडायला काही ठेवलेलंच नाही. आणि वर त्यांनाच विचारायचं, भारताकडून का नाही?

रस्ता मुळीच नाही असं नाही. पाच वर्षं ओसीआय असलेल्याने बारा महिने भारतात राहून अर्ज करावा, परदेशी पासपोर्ट सोडावा, की नागरिकत्व मिळू शकतं. आता वयाचा मुद्दा. वडील गुजराती आणि आई जपानी असलेला आराता इझुमी आपल्या पुण्याच्या क्लबात फुटबॉल खेळायचा. जपानचं नागरिकत्व सोडून तो २०१३ मध्ये भारताकडून उतरला तेव्हा तीस वर्षांचा होता. पर्थमध्ये वाढलेल्या, आईकडून मुंबईशी नातं असलेल्या रायन विल्यम्सने २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियाचा पासपोर्ट सोडून आपला घेतला, तेव्हा तो बत्तीसचा. तिशीनंतर फुटबॉलपटूची किती वर्षं उरतात? उलट बांगलादेशने इंग्लंडमध्ये जन्मलेल्या हमझा चौधरीला सत्ताविसाव्या वर्षी मैदानात उतरवलं, ब्रिटिश पासपोर्ट सोडायला न लावता. त्याचा पहिला सामना मार्च २०२५ मध्ये शिलाँगला आपल्याविरुद्धच होता, बरोबरीत सुटला. नोव्हेंबरमध्ये ढाक्यात त्यांनी आपल्याला १-० ने हरवलं.

म्हणून दार सताड उघडा असं मी म्हणत नाही. म्हणूच शकत नाही. नातीच्या शाळेत सिंथेटिक ट्रॅक आहे, पाय मुरगळला तर फिजिओ आहे. मी आयुष्यभर मुरमाच्या मैदानावर फक्कीने रेघा मारून मुली पळवल्या. परदेशी तयार झालेली चार नावं आयती आणून संघ भरला, तर म्हसवडची पोरगी आणखी मागे पडेल, आणि तिचा आबा म्हणून पत्र लिहायला कुणी नसेल. तेव्हा एकच पासपोर्ट हे तत्त्व राहू द्या. पण नेमबाज, फुटबॉलपटू, धावपटू यांच्या नागरिकत्वाच्या अर्जावर हो किंवा नाही, ते ठरलेल्या मुदतीत सांगा. आणि निवडीसाठी एक वय ठरवा. जपानलाही दोन पासपोर्ट चालत नाहीत, तरी दोन नागरिकत्वं असलेल्या टेनिसपटू नाओमी ओसाकाला बावीस वर्षांची होईपर्यंत वेळ मिळाला आणि २०१९ मध्ये तिने जपान निवडलं. तोवर आपल्या या मुलांना कुमार गटात खेळू द्या, मात्र इथल्याच निवड चाचणीतून, माणच्या पोरींच्या शेजारी उभं राहून. नातीला माझ्याकडून सवलत नको, मला तर तिचा निकालही ठाऊक आहे. इथल्या दोन मुली तिला घाटात सहज मागे टाकतील.

आणि निवडीचं वय आल्यावर तिने अमेरिका निवडली, तर घरात कुणी तोंड वाकडं करणार नाही. तिच्या आजीने आधीच बजावून ठेवलंय.

परवा फोनवर मीच न राहवून विचारलं, “काय गं, पुढं कुणाकडनं पळायचा विचार आहे?” म्हणाली, “आबा, शाळेच्या टीममध्ये सात जणी घेतात. मी नववी आहे.”

आपला नम्र,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक,
सातारा