कौशल्य नियोजन नीरा नदीपाशी का थांबावे?

प्रति,
मा. मंत्री, कौशल्य, रोजगार, उद्योजकता व नाविन्यता विभाग,
महाराष्ट्र शासन, मुंबई

विषय : पुणे परिसरासाठी प्रादेशिक मनुष्यबळ विकास मंडळ

सन्माननीय मंत्रिमहोदय,

पुण्यातील औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत शिल्पनिदेशक म्हणून टर्नर आणि मशिनिस्ट या ट्रेडच्या (यंत्रकामाच्या अभ्यासक्रमांच्या) मुलांना शिकवण्यात माझी सव्वीस वर्षे गेली. निवृत्तीनंतरही त्यांतले अनेक जण घरी येतात आणि त्यांच्या बोलण्यातून जे उमजले, ते आपल्या कानावर घालण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

भोर तालुक्यातल्या मुलाला सर्वांत जवळची कारखानदारी शिरवळची. नीरा ओलांडली की सातारा जिल्हा लागतो, पण त्या मुलासाठी तो एसटीचा एक थांबा असतो. शिरूरच्या पलीकडचे सुपे अहिल्यानगर जिल्ह्यात येते, तरी रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत काम न मिळालेला मुलगा तिथे जातोच. आपला कौशल्य विकास आराखडा मात्र जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा समिती करते आणि तो जिल्ह्याच्या हद्दीपाशी संपतो. या समित्यांनी काम केले नाही असे मी म्हणत नाही. परंतु हद्दीपलीकडचे पाहण्याचा अधिकार आणि सवड त्यांना नाही.

अमेरिकेत २०१४ च्या मनुष्यबळविषयक कायद्याने स्थानिक मनुष्यबळ विकास मंडळांची रचना ठरवून दिली. त्यांत बहुसंख्य सदस्य उद्योग-व्यवसायांतले आणि किमान २० टक्के कामगार संघटना व कामगारांसाठी झटणाऱ्या संस्थांचे असावे लागतात, शिवाय एका प्रदेशातल्या मंडळांना एकत्र बसून आराखडा करावा लागतो. प्रशिक्षण संपल्यानंतरच्या दुसऱ्या आणि चौथ्या तिमाहीत माणूस कामावर आहे का, याचा हिशेबही तिथे द्यावा लागतो. आपल्याकडे प्रमाणपत्र हातात पडले की मोजणी बहुधा थांबते, आणि मला याचीच सर्वाधिक खंत आहे.

मंडळावर कामगार का हवा, हे मी अनुभवावरून सांगतो. एका कारखान्याने आमच्याकडे सीएनसी म्हणजे संगणकावर चालणाऱ्या यंत्रांचे ऑपरेटर मागितले. आम्ही मुले पाठवली आणि वर्षभरात त्यांतली निम्मी परत आली, कारण तयार प्रोग्रॅमवर बटण दाबण्याचे काम कंत्राटदाराची माणसेही करत होती. खरी टंचाई होती ती सेटरची. ड्रॉइंग वाचून टूल बांधणारा, ऑफसेट घेणारा (म्हणजे टूलचे माप यंत्रात भरणारा) आणि पहिला नग मापात काढून देणारा माणूस तिथे मिळत नव्हता. ही गोष्ट कारखान्याच्या मनुष्यबळ विभागाच्या पत्रात नव्हती. त्याच यंत्रावर दहा वर्षे उभ्या राहिलेल्या माझ्या जुन्या विद्यार्थ्याने ती मला चहाच्या टपरीवर सांगितली. तोवर दोन तुकड्या बाहेर पडल्या होत्या.

शिकाऊ उमेदवारीचेही तसेच आहे. १९६१ च्या कायद्याखालील नियमांनुसार ३० किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेने अडीच ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे. ही संख्या कागदावर भरली की काम झाले असे मानले जाते. त्या मुलाला वर्षभर लेथला हात लावू दिला की फक्त पॅकिंगला बसवले, हे विचारणारे कोणी नाही.

म्हणून माझी मागणी आहे की पुणे, शिरवळ आणि सुपे मिळून एक मंडळ करावे. कारखानदार, त्यांतही भोसरीचे लघुउद्योजक, कामगार आणि निदेशक यांना त्यावर स्थान द्यावे. कोणत्या ट्रेडच्या जागा वाढवायच्या आणि कोणत्या कमी करायच्या, यावरील त्याची शिफारस व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयाने ठरावीक मुदतीत मान्य करावी किंवा नाकारण्याचे कारण लेखी द्यावे. केवळ सल्ला देणारी आणखी एक समिती नको.

आणि पहिली बैठक गुरुवारी ठेवावी. भोसरी-चाकणच्या अनेक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी त्या दिवशी असते, त्यामुळे यंत्रावर काम करणाऱ्यालाही खाडा न करता येता येईल.

आपला नम्र,
एक निवृत्त शिल्पनिदेशक, पुणे