टूर रद्द केली आहे, आधी सगळं वाचा

ती. आई-बाबांस,
सा. न.

फोनवर बोलले असते, पण बाबा दोनदा ‘हं, हं’ करून फोन आईकडे देतात आणि मुद्दा राहतो तो राहतोच. म्हणून लिहिते.

दहा दिवसांत सात देशांची ती टूर मी रद्द केली आहे. ॲडव्हान्समधले थोडे पैसे कापले गेले. ते मी बघते, त्यावर चर्चा नको. सप्टेंबरअखेरीस तुम्ही दोघांनी थेट इटलीत फ्लॉरेन्सला यायचं, मी म्युनिकहून तिथे पोचते. एकच शहर. पॅरिस नाही आणि आई, युंगफ्राऊचा बर्फही नाही. वाईट वाटेल तुला, माहीत आहे. मावशीने ते फोटो वर्षभर दाखवलेत. पण तिलाच विचार, फ्लॉरेन्समध्ये काय पाहिलंस? बसमधून उतरले, चौकातल्या डेव्हिडच्या पुतळ्यापुढे फोटो काढले, बसमध्ये चढले. तो डेव्हिड नक्कल आहे गं, १९१० मध्ये उभी केलेली. खरा १८७३ पासून अकादेमिया संग्रहालयात आहे. टूरवाले आत नेत नाहीत, त्यांना संध्याकाळी पुढचं हॉटेल गाठायचं असतं.

बाबा, एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या पोरांना जन्मभर हाताचा पंजा काढायला शिकवलेल्या माणसाने नक्कल बघून परतायचं? हे मला पटेना. खऱ्या डेव्हिडचा उजवा हात बघा तुम्ही. अंगाच्या मानाने जरा मोठाच, मनगट आत वळलेलं, पंज्याच्या पाठीवर शिरा टरारलेल्या. ५.१७ मीटरचा पुतळा, पण मी त्या हातापाशीच घुटमळले. तुम्ही माझा हात टेबलावर ठेवून ‘हलू नकोस चिमणे’ म्हणत स्केच करायचात, आणि मला नेमकी तेव्हाच नाकाला खाज सुटायची! १५०१ मध्ये मायकेलअँजेलोने ते काम घेतलं तेव्हा तो २६ वर्षांचा होता, आणि दगड आधीच्यांनी अर्धवट कोरून टाकलेला, कित्येक वर्षं पावसात पडून होता. डेव्हिडकडे जाणाऱ्या दालनात दोन्ही बाजूंना मायकेलअँजेलोचे अर्धवट सोडलेले ‘कैदी’ पुतळे आहेत, छिन्नीचे ओरखडे स्पष्ट दिसतात. तुम्ही तिथून हलणार नाही, म्हणून ती सकाळ सबंध मोकळी ठेवली आहे. तिकिटं आधीच काढली आहेत, रांग नाही.

आता कॅथेड्रलचा घुमट. बाबा, वर चढायचं तिकीट काढलेलं नाही. ४६३ पायऱ्या, लिफ्ट नाही, जिना एवढा अरुंद की मागे फिरायची सोय नाही. डॉक्टरांचं मी काढतच नाही, दिवाळीपासून तुम्ही किती सांभाळता ते आई सांगते. पण मलासुद्धा धाप लागली होती, खरंच. आणि चढून गेलं की घुमट कुठे दिसतो, आपणच त्याच्यावर उभे! ब्रुनेलेस्कीने १४२० ते १४३६ या काळात खालून लाकडी आधार न देता तो विटांनी कसा उभारला, हे कळायला कॅथेड्रलचं म्युझियम बरं. तिथे लिफ्ट आहे आणि गच्चीवर घुमट अगदी समोर येतो. खुर्ची मागून देते, स्केचबुक घेऊन बसा. आई, शिल्पकार गिबर्तीचे सोनेरी दरवाजेही तिथेच आहेत. १४२५ ते १४५२, एवढा काळ एका दाराच्या जोडीवर! बाहेर बाप्तिस्मागृहाला लावलेत त्या प्रतिकृती. देव्हाऱ्याचा पत्रा ठोकणाऱ्याशी तू घातलेली हुज्जत मला तिथे आठवली.

राहायला घर घेतलंय, लिफ्टचं. स्वयंपाकघर आहे, कुकर आणि तूरडाळ मी आणते, चहाची पूड तुझी तू आण. बाथरूमची काळजी करू नकोस. इटलीत बिडे असतोच, म्हणजे कमोडशेजारी धुवायचं नळाचं भांडं, तुझी पाण्याची अडचण होणार नाही. उफीझी चित्रसंग्रहालयात व्हीलचेअर मिळते. लगेच तोंड वाकडं करू नकोस, बसून बोत्तिचेल्लीची चित्रं जास्त नीट दिसतात, आणि गुडघा दुखला तरच घ्यायची.

एक गोष्ट मुद्दाम शेवटी ठेवली होती. कॅशिने बागेच्या पार टोकाला, आर्नो आणि मुन्योने नद्यांच्या संगमावर, आपल्या कोल्हापूरच्या राजाराम महाराजांची छत्री आहे. इंग्लंडहून परतताना ३० नोव्हेंबर १८७० ला ते फ्लॉरेन्समध्येच गेले. जेमतेम विशीतलं पोर. संगमावरच दहन झालं, १८७४ मध्ये छत्री झाली. शेजारच्या पुलालाही लोक ‘इंडियानो’च, म्हणजे भारतीयाचा, म्हणतात. बसने आलेल्यांना कोण नेतंय तिथे? आपण टॅक्सीने जाऊ. आई, फुलं मी घेऊन ठेवीन.

आता ऐका. पासपोर्टच्या तारखा तपासून मला आजच पाठवा. व्हिसाला बोटांचे ठसे द्यायला मुंबईला जावं लागेल, महालक्ष्मीची खालची बर्थ मी काढते. औषधं हातातल्या बॅगेत, प्रिस्क्रिप्शनसकट, मोठ्या बॅगेत अजिबात नाही. आईच्या साखरेचा नवा रिपोर्ट हवा, जुन्याचा फोटो पाठवून मला फसवू नका. तिकडे सगळे रस्ते दगडी फरसाचे, तेव्हा बाबांनी त्या चपला घरी ठेवायच्या. बूट आत्ताच घ्या आणि रंकाळ्याला रोज एक फेरी मारून पायात रुळवा. चावत असतील तर दुकानदाराची भीड न धरता बदलून घ्या.

तुमची,
चिमणी