खेकडा भुसावळला कसा येईल?

भुसावळ

प्रिय दिनू,
सप्रेम नमस्कार.

आपल्या इंजिन ओळखायच्या खेळातला तुझा फोटो मिळाला. फोटोच्या पाठीवर ‘भुसावळ यार्ड’ लिहिलंय म्हणून तूही ठसक्यात तेच उत्तर कळवलंस, पण भो, हे इंजिन भुसावळचं असूच शकत नाही.

नीट बघ. ड्रायव्हरची केबिन मधोमध, दोन्ही बाजूंना लांबलचक नाक. इंजिन विजेचं, तरी चाकांना वाफेच्या इंजिनासारखा दांडा. हा घाटातला ‘खेकडा’, डब्ल्यूसीजी-१. १९२८ पासून जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेनं आणलेला. घाटाच्या वळणावर अंग मोडता यावं म्हणून तो सांध्यांचा केलाय. कसारा-इगतपुरीचा १:३७ चा चढ चढवायला असलंच धूड लागायचं. आता मुद्दा असा, की तो १५०० व्होल्ट डीसीवर चालायचा आणि ती वायर इगतपुरीला संपायची. आपल्याकडे साठीच्या दशकाच्या अखेरीस वीज आली ती २५,००० व्होल्ट एसीची. बंद इंजिन ओढत आणलं असेल, असं म्हणशील. मग छतावरचा वीज घेणारा पँटोग्राफ वायरीला टेकवून ते इतक्या ऐटीत उभं कसं? मागचं लिखाण कुण्या दुकानदाराचं असणार. माझ्या मते फोटोच्या मागच्या अक्षरांपेक्षा फोटोतल्या वायरीवर भरवसा ठेवावा.

तुझी खोड अशी, की तू इंजिनाचं तोंड बघतोस. प्रवासी गाडीचं वाफेचं डब्ल्यूपी इंजिन असेल तर जमतं. ते गोळीसारखं नाक आणि त्यावरची चांदणी पोरंही ओळखतात. त्यात कसला आलाय खेळ! आमचे मामा लोको शेडात होते. फोटो हातात दिला, की अंगठ्यानं बॉयलर झाकायचे आणि खालची चाकं मोजायचे. पुढची छोटी किती, दांड्यानं जोडलेली मोठी किती, केबिनखाली किती. डब्ल्यूपीला ४-६-२, मालगाडीच्या डब्ल्यूजीला २-८-२. मोजणी दोन्ही बाजूंची, म्हणून फोटोत दिसतील त्याची दुप्पट करायची. एवढं झालं की अंगठा काढायचे, आणि मग चिमणी, घुमट वगैरे.

चाकांनंतर टेंडर, म्हणजे इंजिनामागचा कोळसा-पाण्याचा डबा बघ. त्यावर जीआयपी असेल तर फोटो बहुधा १९५१ च्या आधीचा, कारण त्या वर्षी मध्य रेल्वे झाली. रंग काही एका रात्रीत बदलत नसे, म्हणून दोन-चार वर्षं इकडेतिकडे धरावीत. रुळांचं तर आपल्या खानदेशात सोपंच आहे. अरुंद, अडीच फुटी दिसले तर आपली पाचोरा-जामनेरची पीजे. मीटर गेज दिसला की मनमाड-औरंगाबाद किंवा अकोला-खंडव्याकडे बोट दाखवावं, उगाच जळगाव-धुळ्याचं नाव घेऊ नये.

थंडी पडलीय, बामणोदची वांगी आलीत. भरताला ये, मागचे सगळे फोटो घेऊन ये. येताना तो फोनमधला मोठं करून बघण्याचा चाळा मात्र घरी ठेव. खेळ छापील फोटोवर आणि भिंगानंच. नाहीतर नंबर वाचून कुणीही सांगेल.

आता पाळी माझी. सोबतच्या फोटोत इंजिन समोरून थोडं तिरकं घेतलंय. बॉयलरपुढच्या धूरपेटीचं तोंड सपाट, म्हणजे डब्ल्यूपी गेलं. राहिले दोन: मालगाडीचं डब्ल्यूजी की हलकं प्रवासी डब्ल्यूएल? चेहरे सख्ख्या भावांचे. पण डब्ल्यूएल ४-६-२, म्हणजे पुढच्या बाजूला एकामागे एक दोन छोटी चाकं दिसायला हवीत, डब्ल्यूजीला एकच. एक छोटं चाक स्वच्छ दिसतंय. त्याच्या मागे नेमका कुणी फायरमन तेलाचा डबा घेऊन उभा आहे, आणि त्याच्या धोतरामागे दुसरं छोटं चाक आहे की मोठ्याची सुरुवात, ते कळत नाही. मोठ्या चाकांपैकीही दोनच फोटोत मावलीत. माझं उत्तर ठरलंय, पाकिटात बंद करून वहिनींच्या नावानं वेगळं पाठवतोय. तू आधी तुझं लिही, मग फोड.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
वसंता